ठणठणीत माणसाचा ताप

बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांत पंचमीचा सण दिवाळीच्या खालोखाल मोठा. अंगणातल्या झाडाला झोका चढतो, लाह्यांचे आणि तंबिटाच्या लाडवांचे डबे भरले जातात, आणि पुण्याकडे, सोलापूर-लातूरकडे, हैदराबादेकडे दिलेल्या लेकी माहेरी येतात. गेल्या श्रावणात आमच्या घरीही अशीच भरती आली होती. आमच्या थोरल्या भगिनी, ज्यांना घरात लहानथोर सारे अक्का म्हणतात, पुण्याहून नातवाला घेऊन आल्या होत्या. पोराचे नाक किंचित वाहत होते. ताप नव्हता, खाणेपिणे व्यवस्थित होते, आणि झोक्यावरून तो खाली उतरावयास तयार नव्हता. त्याच्याकडे कोणी विशेष लक्ष दिले नाही.

पाचव्या दिवशी आमच्या मातोश्रींना हुडहुडी भरून ताप आला. त्यांचे वय ८१. मधुमेह जुना. दुसऱ्या रात्री धाप लागली, बोलण्यात विसंगती येऊ लागली, आणि पहाटेच त्यांना कलबुर्गीच्या एका रुग्णालयात हलवावे लागले. तपासणीत इन्फ्ल्युएंझाचा विषाणू सापडला. फुफ्फुसाला सूज आली होती. अकरा दिवस त्या तेथे होत्या, पैकी सहा दिवस प्राणवायूच्या नळीवर. ईश्वरकृपेने आणि डॉक्टरांच्या शर्थीने त्या घरी परतल्या.

परंतु त्या अकरा दिवसांत घरात जे घडू नये ते घडले. चिंतेने आणि जागरणाने शिणलेल्या आमच्या धाकट्या भावजयीच्या तोंडून एक वाक्य निसटले : “अक्का, पुण्याचा ताप तुम्ही घरात आणलात.” अक्का काही बोलल्या नाहीत. मातोश्रींना उतार पडल्याचे कळताच त्या नातवाला घेऊन निघून गेल्या. माहेरवाशिणीची ओटी भरावयाची राहिली ती राहिलीच.

मातोश्रींना घरी सोडताना डॉक्टरांनी विचारले, “घरात आणखी कोणाला ताप होता का?” आम्ही नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. “तसे नव्हे. ज्यांना काहीही झाले नव्हते, अशी माणसे घरात किती होती, ते सांगा.”

त्या वेळी हा प्रश्न आम्हांस चमत्कारिक वाटला. पुढे त्याविषयी जे वाचले, जाणत्यांना विचारले, त्यातून त्याचे मर्म उमगले. वाचकांच्याही घरी मातोश्री आहेत, अक्का आहेत, नाक वाहणारी नातवंडे आहेत. म्हणून ते येथे सांगावेसे वाटते.

मानमोडीची आठवण

इन्फ्ल्युएंझा आपल्या मुलखाला नवा नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात त्याने पाऊल ठेवले, आणि पावसाळा सरता सरता त्याची दुसरी, अतिशय घातक लाट देशभर पसरली. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मराठी माणसाने त्या साथीला ‘मानमोडी’ म्हटले. आमच्या आजोबांची पिढी जन्माचे साल सांगताना ‘मानमोडीच्या आधी दोन वर्षे’ अशाच भाषेत सांगे.

बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १९११ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांहून अधिक होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २४ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढ तर राहोच, उलट सुमारे ९ लाखांची घट झाली. दुष्काळ आणि प्लेग यांचाही त्यात वाटा होता, पण मोठा घाव मानमोडीचा.

त्या साथीत आजारी पडलेले मोजता आले, मेलेले मोजता आले. मात्र ज्यांच्या शरीरात विषाणू येऊन गेला आणि ज्यांना त्याची वार्ताही लागली नाही, त्यांची गणती करण्याचे साधन त्या काळी नव्हते. मुळात रोगाचे कारणच हाती लागलेले नव्हते. माणसाच्या इन्फ्ल्युएंझाचा विषाणू वेगळा काढण्यात लंडनच्या संशोधकांना यश आले ते १९३३ मध्ये.

रक्तात राहिलेली नोंद

१९४१ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज हर्स्ट यांच्या एक गोष्ट ध्यानी आली. कोंबडीच्या रक्तपेशींत इन्फ्ल्युएंझाचा विषाणू मिसळला की त्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचा थर बनतो. पण त्यात आधी अशा माणसाचे रक्तद्रव घातले, की ज्याच्या शरीराने या विषाणूशी कधी झुंज दिली आहे, तर पेशी चिकटत नाहीत. झुंजीत तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूला धरून ठेवतात. या साध्या युक्तीने एक नवे दार उघडले. माणूस ‘मला काही झाले नाही’ म्हणत असला, तरी त्याचे रक्त खरी हकिकत सांगू लागले.

या युक्तीचा आपल्या प्रांतातला सर्वांत बोलका उपयोग पुण्यात झाला. तेथील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली आणि १९७८ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ या नावाने गाजलेला नवा एच-१ एन-१ विषाणू भारतात आला. त्याचा पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादेत निश्चित झाला, आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. त्याने देश हादरला. पुण्यात त्या दिवसांत तोंडाला रुमाल बांधल्याविना कोणी बाहेर पडत नव्हते. हैदराबाद आणि पुणे! आमच्या दोन्ही जिल्ह्यांतील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी जातात ती याच दोन शहरांत. त्या वर्षी गणपतीला मुलांनी गावी यावे की येऊ नये यावर घरोघर खल झाल्याचे अनेकांना स्मरत असेल.

संस्थेच्या संशोधकांनी त्या साथीत पुण्यातील विविध थरांतील लोकांचे रक्त तपासले. साथीपूर्वी जपून ठेवलेल्या रक्ताच्या २२२ नमुन्यांपैकी अवघ्या २ नमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे पुरेशा प्रमाणात होती. याचा अर्थ विषाणू लोकांना नवा होता. नंतर ज्यांचा आजार तपासणीने निश्चित झाला होता अशा ७४ रुग्णांच्या घरी जाऊन त्यांच्या कुटुंबीयांचे रक्त तपासण्यात आले. त्यांतील २५.६ टक्के लोकांच्या रक्तात झुंजीची खूण सापडली, म्हणजे चौघांतील एकाच्या. एकंदर पाहणीचा निष्कर्ष असा, की सुमारे ९० टक्के संसर्ग लक्षणांविना किंवा अगदी सौम्य लक्षणांनिशी होऊन गेले होते. ऑक्टोबरमधील सर्वसाधारण नागरिकांच्या पाहणीत मुलांमध्ये हे प्रमाण ९.१ टक्के आणि प्रौढांमध्ये ४.३ टक्के होते. सर्वांत अधिक, २०.३ टक्के, ते १५ ते १९ वर्षांच्या वयोगटात आढळले.

ज्या पुण्यात वर्तमानपत्रे रोज मृतांचा आकडा छापत होती, त्याच पुण्यात, त्याच घरांत, त्याच विषाणूने कित्येकांना स्पर्श केला होता आणि त्यांना साधी डोकेदुखीही झाली नव्हती.

आकडे वेगवेगळे का?

इतर देशांतील पाहण्याही हेच सांगतात, मात्र त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्लंडमध्ये २००६ ते २०११ या काळात कुटुंबेच्या कुटुंबे निवडून त्यांच्या रक्ताची वर्षानुवर्षे तपासणी झाली. दर हिवाळ्यात लस न घेतलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना संसर्ग होत होता, आणि त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश लोकांना इन्फ्ल्युएंझाची म्हणता येतील अशी लक्षणेच नव्हती.

दक्षिण आफ्रिकेत २०१७ आणि २०१८ मध्ये याहून चिकाटीचे काम झाले. एक ग्रामीण भाग आणि एक शहरी वस्ती येथील २२५ घरांतील १,११६ माणसांच्या नाकातील स्राव आठवड्यातून दोनदा तपासण्यात आला, मग ती माणसे आजारी असोत वा नसोत. तेथे ज्यांच्या नाकात विषाणू सापडला त्यांतील ५६ टक्के लोकांना लक्षणे होती, ४४ टक्क्यांना नव्हती.

तीनचतुर्थांश खरे की ४४ टक्के? दोन्ही आपापल्या परीने खरे. रक्ताची तपासणी महिन्यांपूर्वी येऊन गेलेला निसटता संसर्गही पकडते, पण तेव्हाची शिंक माणसाच्या स्मरणात राहिलेलीच असते असे नाही. नाकातील तपासणी प्रत्यक्ष विषाणू दाखवते, पण एकदोन दिवसांत निवळलेला संसर्ग तिच्या हातून निसटू शकतो. शिवाय ‘लक्षण’ कशाला म्हणावयाचे यावरही बरेच अवलंबून असते. एखाद्या ठिकाणी साथ उसळल्यानंतर केवळ आजाऱ्यांच्या आसपास शोध घेतला, तर लक्षणविरहितांचे प्रमाण याहूनही बरेच कमी दिसते. गृहस्थाश्रमी माणसाने एवढे ध्यानी ठेवले तरी पुरे, की घरात इन्फ्ल्युएंझा शिरला म्हणजे दिसणारा रोगी एक असला तरी न दिसणारे एकदोन असू शकतात.

ज्याला ताप नाही, तो देतो का?

खरा प्रश्न हाच. न कळत आलेला विषाणू न कळत गेला, तर बिघडले काय? पण जाताना तो दुसऱ्याच्या घशात उतरला तर?

याचे उत्तर ‘कमी, पण शून्य नव्हे’ असे आहे. स्वेच्छेने विषाणू शरीरात घेणाऱ्या १,२८० निरोगी माणसांवरील ५६ प्रयोगांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोकांनाच लक्षणे दिसली आणि ताप तर सुमारे एकतृतीयांश लोकांनाच आला. नाकातून विषाणू बाहेर पडण्याचा जोर दुसऱ्या दिवशी सर्वाधिक होता आणि सरासरी पाच दिवसांत तो ओसरला. लक्षणे नसलेल्या माणसाच्या नाकात विषाणूचे प्रमाण सामान्यतः बरेच कमी असते, आणि तो खोकत-शिंकत नसल्याने ते दूरवर उडतही नाही. तथापि दक्षिण आफ्रिकेच्या त्याच पाहणीत, ज्या घरांत विषाणू प्रथम लक्षणविरहित माणसाकडे आला होता, तेथे सहवासातील सुमारे ६ टक्के लोकांना तो त्याच्याकडून लागला.

सहा टक्के म्हणजे शंभरात सहा. धडधाकट माणसांच्या घरात हा आकडा कोणी मनावर घेणार नाही. पण शेजारच्या खाटेवर मधुमेही वृद्धा असेल, किंवा माहेरी बाळंतपणाला आलेली लेक आणि तिचे पंधरा दिवसांचे मूल असेल, तर शंभरातले ते सहा आपल्याच दारी यावयास वेळ लागत नाही.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे उमटेपर्यंत एक ते चार दिवस जातात, आणि ती उमटण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासूनच माणूस तो देऊ लागतो. त्यामुळे आज धडधाकट असलेला माणूस लक्षणविरहित आहे, की उद्या आजारी पडणार आहे, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

मग एकाला हुडहुडी आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे का होते? ताप, अंगदुखी, ग्लानी ही बव्हंशी विषाणूची करणी नसते. विषाणूशी लढण्यासाठी आपल्याच शरीराने उठवलेला तो कल्लोळ असतो. पूर्वी कधी अशाच विषाणूशी गाठ पडली असेल किंवा लस घेतली असेल, तर शरीर ओळखीच्या चोराला उंबऱ्यावरच धरते आणि कल्लोळ माजत नाही. शिरलेल्या विषाणूचे प्रमाण, वय, जुनी दुखणी यांचाही परिणाम होतोच. वृद्धांच्या बाबतीत तर उलटा चकवा असतो. त्यांना कधी कधी तापच फारसा येत नाही. नुसती सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, बोलण्यात गोंधळ, एवढ्याच खुणा दिसतात आणि घरचे ‘वयाने होते’ म्हणून सोडून देतात.

कलबुर्गीने आधी पाहिलेले

लक्षणविरहित हा शब्द आपल्या घरांत रुळला तो २०२० मध्ये. १० मार्च २०२० रोजी कलबुर्गीच्या एका ७६ वर्षांच्या वृद्धांचा मृत्यू झाला. करोनाने झालेला देशातील पहिला मृत्यू म्हणून त्याची नोंद झाली. पुढे त्यांच्या कन्येला आणि त्यांच्यावर घरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही संसर्ग झाल्याचे आढळले. सेवा करणाऱ्याच्याच पदरी रोग पडतो हे आपल्या जिल्ह्याने साऱ्या देशाआधी पाहिले.

करोना आणि इन्फ्ल्युएंझा हे वेगळे विषाणू आहेत, आणि एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नयेत. पण त्या दिवसांनी आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक चांगली : दिसणाऱ्या रोग्यापलीकडेही पाहावे. दुसरी फार वाईट : रोग कोणी आणला त्याचे नाव शोधावे. पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्या पोरांकडे त्या वर्षी वेशीवर कोणत्या नजरेने पाहिले गेले, ते आपण सारे जाणतो. पहिली शिकवण आपण विसरत चाललो आहो. दुसरी मात्र घराघरांत अजून जागी आहे.

घरापुरते पथ्य

आपल्या देशाच्या बहुतेक भागांत इन्फ्ल्युएंझाचा मुख्य जोर पावसाळ्यात असतो, आणि थंडीच्या अखेरीस तो पुन्हा डोके वर काढतो. म्हणजे पंचमी, पोळा, गणपती, गौरी हे येण्याजाण्याचे आणि एका पंगतीत बसण्याचे दिवस हेच त्याचेही दिवस. सण बंद करावे असे आम्ही म्हणणार नाही. पण मृगाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, डॉक्टरांच्या सल्ल्याने लस घेण्याची चाल घरात पडावयास हवी. विषाणू रूप पालटत असल्याने ती दरवर्षी घ्यावी लागते, आणि तिचा गुण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेह, दमा वा हृदयविकार असलेले, आणि सहा महिन्यांवरील लहान मुले यांचा हक्क पहिला. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही. गरोदरपणी आईने घेतलेल्या लशीचे संरक्षण मात्र त्याला जन्मतःच मिळते.

परंतु आमच्या घरी चूक झाली ती याच्या पुढच्या पायरीवर. म्हाताऱ्या शरीरात लशीचा गुण कमी उतरतो. म्हणून वृद्धाला टोचून भागत नाही, त्याच्या खाटेजवळ वावरणाऱ्या धडधाकट माणसांनीही ती घ्यावयास हवी. लस संसर्ग हमखास रोखते असे नाही, पण त्याची शक्यता आणि आजाराची तीव्रता दोन्ही कमी करते.

घरात एकाला ताप आला, की त्या दिवसापासून आठवडाभर साऱ्या घरानेच पथ्य पाळावे. अशक्त माणसाची खाट खेळत्या हवेच्या खोलीत असावी. त्याच्या सेवेला एकानेच राहावे, नाका-तोंडावर मुखपट्टी बांधावी, हात साबणाने धुवावे, तांब्या-फुलपात्र वेगळे ठेवावे. ‘मला तर काहीच झालेले नाही’ ही सबब त्या आठवड्यात चालू देऊ नये. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. समाचाराला येणाऱ्या आप्तांना विनयाने बाहेरच्या ओसरीवर बसवावे. त्यात अपमान नाही. तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. धाप, ओठ निळसर पडणे, भ्रम, लघवी कमी होणे, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे, यांपैकी काही दिसले तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नये. इन्फ्ल्युएंझावरील औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक गुण देते, म्हणून वृद्धाला ताप येताच डॉक्टर गाठावा.

नाव कोणाचे?

आता डॉक्टरांच्या त्या प्रश्नाकडे वळतो. काहीही न झालेली माणसे आमच्या घरात नऊ होती. बंधू रोज तालुक्याच्या बँकेत चारशे माणसांत वावरून येतात. दोन पुतणे शाळेत जातात. आणि पंचमीच्या तीन दिवस आधी आम्ही स्वतः लातूरला एका बैठकीस जाऊन, दोन्ही बाजूंना खोकणारे प्रवासी असलेल्या बसमधून परतलो होतो. त्यानंतरची प्रत्येक रात्र मातोश्रींच्या खाटेशेजारी आम्हीच निजत होतो. त्यांना पाणी देत होतो, पाय चेपीत होतो. आम्हांस शिंकही आली नाही. तपासणी ना आमची झाली, ना अक्कांच्या नातवाची. त्याचे वाहते नाक साध्या पडशाचेही असू शकेल.

तेव्हा ताप कोणी आणला? हे आता कधीही कळावयाचे नाही. कदाचित अक्कांच्या नातवाने आणला असेल. कदाचित ज्या हातांनी मातोश्रींचे पाय चेपले त्याच हातांनी तो त्यांना दिला असेल. हे मनात आले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पण दुसऱ्या दिवशी भावजयीला हे सारे सांगितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचे ओझे उतरलेले दिसले. घरात रोग शिरण्याला दारे अनेक असतात. त्यांतल्या एकाच दारावर नाव लिहिले, की उरलेली उघडीच राहतात आणि वर एक माणूस दुरावतो.

संक्रांतीला भावजय स्वतः पुण्यास गेली. जाताना मातोश्रींनी आपल्या पेटीतले इरकली लुगडे काढून तिच्या हाती दिले. श्रावणातली राहिलेली ओटी तिने पुण्याच्या घरी भरली. अक्का यंदा पंचमीला येणार आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही साऱ्या घराने लस घेतली आहे, आणि पुण्याच्या मंडळींनीही घेतल्याचे पत्र परवाच आले.